वाईन म्हणे फ्रेंचांनी शोधली

तो मेसेज परत फिरायला लागलाय, काल एका दिवसात तीन ग्रुपवर आला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वाईनचा शोध फ्रान्समध्ये लागला, शॅम्पेन (ती बुडबुड्यांची, फसफसणारी वाईन) दोम पेरिन्यों नावाच्या साधूने शोधली, अस्सल द्राक्षवेली फक्त फ्रान्सच्या मातीत मुळं धरून आहेत म्हणून बाकी जगाची वाईन नुसती कॉपी, आणि वाईन जितकी जुनी तितकी भारी. चार वाक्यं आणि चारही गंडलेली, हे जमवायलाही टॅलेंट लागतं.

पहिलं घ्या. जॉर्जियात (अमेरिकेतलं राज्य नाही, कॉकेशसमधला देश) तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा अशा दोन जागा खणल्या, तिथल्या खापरांत टार्टारिक आम्ल सापडलं, आणि त्या भागात ते एवढं येतं ते द्राक्षातूनच. वय इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपास, म्हणजे आजपासून आठ हजार वर्षं. २०१७ साली हे रीतसर छापून आलंय, गुपित वगैरे काही नाही. इराणमधल्या हाजी फिरूझ टेपेला एका घराच्या स्वयंपाकघरात वाईनचे रांजण मिळाले, ते साधारण सात हजार वर्षांपूर्वीचे. आर्मेनियात अरेनीच्या गुहेत तर द्राक्षं तुडवायची जागा, रस साठवायचा रांजण सगळं मिळालं, सहा हजार वर्षांपूर्वीचं. आणि फ्रान्स? इसपू ६०० च्या सुमारास ग्रीक लोकांनी मार्सेय वसवलं, तिथे आधी वाईन जहाजातून बाहेरूनच यायची, मग हळूहळू तिथेच वेली लागल्या. आता एक गोष्ट मात्र कबूल, लाकडी पिंपं रोमन लोकांनी घेतली ती गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्याच पूर्वजांकडून. तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण जॉर्जियातले लोक आजही क्वेव्री नावाचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात वाईन करतात, त्यांच्यासमोर हा मेसेज वाचून दाखवायची हिंमत करा.

दोम पेरिन्यों खरा माणूस होता, १६६८ पासून फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठाचं वाईनचं तळघर सांभाळायचा आणि कामात हुशारही होता. पण त्याच्या काळी बुडबुडे म्हणजे बिघाड! थंडीत आंबणं थांबायचं, वसंतात बाटलीच्या आत परत सुरू व्हायचं आणि बाटल्या फुटायच्या, त्यामुळे हे बुडबुडे येऊच नयेत यासाठीच त्याची धडपड चाललेली. उलट तो मठात यायच्या सहा वर्षं आधी, १६६२ ला, लंडनच्या रॉयल सोसायटीत (शास्त्रज्ञांची संस्था) क्रिस्टोफर मेरेट नावाच्या इंग्रजाने सांगून ठेवलं होतं की वाईन फसफसावी म्हणून व्यापारी त्यात साखर नि काकवी घालतात. साधूची गोष्ट एकोणिसाव्या शतकात रंगवली गेली, आणि ती विकायला सोपी पडते हे उघडच आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर तर हसूच आलं, कारण मुळांचाच विषय काढलाय. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्समध्ये घुसली, ती मुळांवर जगते. १८७५ ला फ्रान्समध्ये साधारण ८४५ कोटी लिटर वाईन झालेली, १८८९ ला ती २३४ कोटींवर आली. औषधं मारून झाली, शेतात पाणी सोडून झालं. शेवटी इलाज काय निघाला, तर फ्रेंच वेलीचं अमेरिकन खुंटावर कलम करायचं, कारण तिकडच्या मुळांना या किडीची सवय होती. म्हणजे आज फ्रान्समधल्या बहुतेक वेली वरून फ्रेंच आणि खालून अमेरिकन. ज्या चिलीत ही कीड पोचलीच नाही तिथे उलट वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या राहिल्या. फ्रान्सच्या बोर्दो भागातून जवळपास नाहीशी झालेली कार्मेनेर ही द्राक्षाची जात १९९४ ला चिलीतच सापडली, मर्लो ही दुसरी जात समजून लावलेली. मग कॉपी कोण आणि ओरिजनल कोण? आणि १९७६ ला पॅरिसमध्ये नावं झाकून चव घेतली तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच लाल आणि पांढरी दोन्हीत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला दिला होता.

राहिलं जुनं ते भारी. बहुतेक वाईन काही वर्षांत पिऊन टाकायलाच बनवतात, थोड्याच मुरतात, बाकीच्या नुसत्या उतरतात. फारच हौस असेल तर स्पेनमध्ये कार्मोनाला एका रोमन थडग्यात २०१९ ला काचेचा कलश सापडला, आत दोन हजार वर्षांपूर्वीची पांढरी वाईन, लालसर तपकिरी झालेली, आणि त्याच वाईनमध्ये बुडालेल्या मालकाच्या अस्थी. मेसेज लिहिणाऱ्याने ग्लास घेऊन यावं.