चार फुटांच्या आत

परवा सकाळी मी एका भावी नगरसेवकाच्या छातीतून आरपार खाली गेलो.

त्यात भाऊंचा दोष नाही. रात्री बाराच्या सुमारास आमच्या फाटकासमोर ब्रेकर धडधडायला लागला आणि उजाडेपर्यंत फाटक आणि गल्ली यांच्यामध्ये एक चर तयार झाला. सोसायटीतल्या माणसांनी बाहेर कसं पडायचं, या प्रश्नावर कोणीतरी तोडगा म्हणून भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लाकडी चौकटीसकट चरावर आडवा टाकला होता. वरून मातीचा थर. खाली फळी नसून भाऊ आहेत, हे मला आत गेल्यावर कळलं. फ्लेक्सच्या खालच्या पट्टीवर ‘सर्वांना सामावून घेणारं नेतृत्व’ असं छापलेलं होतं. एवढ्या लवकर दिलेला शब्द पाळणारा पुढारी मी तरी पाहिलेला नाही.

तळाला कुठल्याशा पाइपाचं पाणी झिरपून चिखल झाला होता. डावी चप्पल त्यात रुतली, पाय तेवढा वर आला. काठ माझ्या बरगड्यांपर्यंत. हात टेकून वर यावं म्हटलं तर उपसलेल्या मातीचा ढीग नेमका काठावरच, हात लावला की शेरभर माती माझ्या कॉलरमधून आत. अशा अवस्थेत मला तिसऱ्या मजल्यावरचे काका दिसले.

काका सीपीडब्ल्यूडीतून, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्यातून निवृत्त. खातं सुटलं, टेप सुटली नाही. बर्म्युडाच्या खिशात ती पिवळी टेप कायम असते. सोसायटीत कोणाकडे नवीन फ्रिज येणार म्हटलं की काका आधी जिना मोजून येतात. एकदा गणपतीची आरास चालू असताना त्यांनी मखर दीड इंच डावीकडे सरकलंय असं आरतीच्या मधोमध सांगितलं होतं.

“पडलास?” काकांनी विचारलं.

“हो काका.”

“हलू नकोस.”

मला वाटलं, आता हात देतील. काका उकिडवे बसले, खिशातून टेप काढली आणि सर्रकन आत सोडली. तिचं पत्र्याचं टोक माझ्या अंगठ्यावर बसलं.

“पाय घे जरा बाजूला. तळ लागायला हवा.”

घेतला. म्हणजे काय करणार? काकांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

“तीन फूट सात इंच. एक मीटर नऊ सेंटिमीटर झालं. मग शिडी बंधनकारक नाही.”

“काय नाही?”

“शिडी. आमच्या सेफ्टी कोडात स्पष्ट आहे. चर चार फूट किंवा त्याहून खोल असेल तर दर ३० मीटर लांबीला एक शिडी ठेवायची. आणि ती काठाच्या वर निदान ९० सेंटिमीटर आली पाहिजे, म्हणजे माणसाला वर आल्यावर धरायला काहीतरी मिळतं. विचार करून लिहिलंय सगळं. आणखी पाचच इंच खोदलं असतं ना, तर तुला शिडी मिळाली असती.”

हे वाक्य ते इतक्या हळहळून बोलले की क्षणभर मलाही खोदणाऱ्यांच्या आळशीपणाचा राग आला.

“बाजूंना फळ्यांचा आधार द्यायचा तो दीड मीटरपासून पुढे. तेही तुला लागू नाही.”

“काका, मला लागू होईल असं काही आहे का?”

“आहे की! ही माती.” काकांचा चेहरा उजळला. “उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. इथे दीड मीटर धर. हा सरळ भंग आहे.”

“पण गल्लीच जेमतेम चार मीटरची, काका. दीड मीटर लांब टाकली तर गाड्या कुठून जाणार?”

“म्हणून वाहतूक वळवायची. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं वेगळं पुस्तक आहे, एस.पी. ५५. आधी सूचनेचे फलक, मग हळूहळू निमुळती होत जाणारी बॅरिकेडची रांग, मग कामाची जागा, आणि पुढे रस्ता परत मोकळा. रात्री दिवे. फार सुंदर आकृत्या आहेत. वर ये, दाखवतो.”

‘वर ये’ एवढं म्हणून ते माझ्याकडे अपेक्षेने बघत राहिले.

बॅरिकेड नव्हतंच असं मी म्हणणार नाही. लाल-पांढरी फीत बांधली होती, असं वॉचमनने नंतर शपथेवर सांगितलं. एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं तिथे उभ्या असलेल्या एका अॅक्टिव्हाच्या आरशाला. अॅक्टिव्हावाल्याची पहाटेची पाळी. तो बॅरिकेड घेऊन कामावर गेला.

शेवटी मला बाहेर काढलं ते एका बाईने. चराच्या दुसऱ्या टोकाला ती घमेल्याने चिखल उपसत होती. पायात रबरी स्लिपर, हातात काही नाही, डोक्यावर हेल्मेटच्या जागी चुंबळ. आमचा संवाद तिने बराच वेळ ऐकून घेतला असावा. ती सरळ चरातून चालत आली, घमेलं उपडं करून माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, “ह्याच्यावर पाय ठिवा दादा, आन् माझा खांदा धरा.”

“घमेलं शिडीच्या व्याख्येत बसत नाही,” काका वरून म्हणाले.

मी घमेल्यावर चढून वर आलो. वर आल्यावर विचारलं, “मावशी, हे काम कोणाचं?”

“मुकादमाचं.”

“मुकादम कोणाचा?”

“ठेकेदाराचा.”

“आणि ठेकेदार?”

“ते आमाला ठावं असतं तर पगार वेळेवर नसता का झाला?” असं म्हणून ती पुन्हा वाकली.

काकांच्या पुस्तकातले निम्मे नियम खरं तर तिच्यासाठी लिहिलेले आहेत. शिडी तिच्यासाठी, आधाराच्या फळ्या तिच्यासाठी, काठापासून लांब टाकायची माती तिच्या डोक्यावर ढासळू नये म्हणून. मी आत होतो तो काका टेप गुंडाळेपर्यंत. ती रात्रीपासून आत होती आणि तिच्या बाजूची खोली कोणी मोजलेली नव्हती.

मे महिन्याच्या शेवटी हे असंच असतं. पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून पावसाळ्याच्या आधी सगळ्यांना एकदम खोदायचं असतं. पाणी, ड्रेनेज, गॅस, वीज, इंटरनेट, सगळे मांडवात उरलेल्या जिलबीवर तुटून पडल्यासारखे रस्त्यावर तुटून पडतात. एकाने दुसऱ्याची केबल तोडू नये म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप काढलं. खोदण्याआधी खोदणाऱ्याने त्यावर कळवायचं, म्हणजे जमिनीखाली ज्यांचं ज्यांचं काही आहे त्यांना आधी समजतं. सोय उत्तम आहे. पण जमिनीखालच्या केबलला सूचना मिळते आणि जमिनीवर चालणाऱ्या माणसाला मिळत नाही, एवढं तरी मी नोंदवून ठेवतो.

फुटपाथचंही तेच. रोड्स काँग्रेसच्याच नियमाप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर रुंद मोकळी पट्टी हवी आणि फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आमच्याकडे त्या पट्टीत सध्या उपटलेले पेव्हिंग ब्लॉक, केबलचं भलंमोठं रीळ आणि राडारोडा आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी रोजचं देवळात जाणं बंद केलंय. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्याही कोणाला सांगत नाहीत. खिडकीत बसून पोथी वाचतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर वारसांना सहा लाख आणि जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, आजी तर घराबाहेरच पडत नाहीत. त्या या कोष्टकात कुठेच येत नाहीत.

असो. चप्पल. चप्पल नवीन होती आणि ती आतच राहिली. अंघोळ करून, काठी घेऊन ती काढायला खाली आलो तर चर बुजवलेला! रात्रभर खोदलेला चर माझ्या अंघोळीच्या वेळात बुजला. या वेगाने इथे दुसरं काहीही होताना मी पाहिलेलं नाही. वर मुरूम, त्यावर खडी, आणि खडीवर एक पाण्याची रिकामी बाटली. मावशी नाही, मुकादम नाही, भाऊसुद्धा नाहीत.

काका म्हणाले, “सोडू नकोस. लेखी दे.” म्हणून दिलं. पाणीवाले म्हणाले ड्रेनेजचं काम असेल. ड्रेनेजवाले म्हणाले आमचा चर एवढा उथळ नसतो. (हे काकांना सांगितलं तर त्यांनी समाधानाने मान डोलावली.) शेवटी रस्ताखोदाईच्या परवानग्या जिथे मिळतात त्या खिडकीपाशी पोचलो. आतल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला.

“खड्ड्याचा फोटो?”

“खड्डा बुजवला.”

“मग तक्रार निकाली निघाली की.”

“साहेब, आत माझी चप्पल आहे.”

त्यांनी अर्ज परत एकदा वाचला. “मग ती काढायला खोदाईची परवानगी लागेल. रनिंग मीटरवर दर असतो. चप्पल कितव्या नंबरची?”

“आठ.”

“एक मीटरच्या आत पावती फाडता येत नाही,” ते म्हणाले. “आणि आता पावसाळ्यापुरती खोदाई बंद झाली. ऑक्टोबरात या. येताना सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा आणि उजवी चप्पल आणा.”

“उजवी कशाला?”

“सापडलेली तुमचीच आहे हे ठरवायला नको?”