फ्रँकफुर्टचं नाव यायला हवं होतं

ज्यू इतिहास, संस्कृती आणि चालू घडामोडींवरच्या प्रौढवर्गांची ओळख करून देणारा लेख मनापासून आवडला. एक मोठा उल्लेख मात्र राहिला. जर्मन ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२० साली फ्रँकफुर्टमध्ये ‘फ्रायेस युडिशेस लेअरहाउस’ (म्हणजे ‘मुक्त ज्यू अध्ययनगृह’) सुरू केलं, ते अशाच प्रौढांसाठी. शिकूनसवरून जर्मन समाजात स्थिरावलेल्या, पण स्वतःच्या परंपरेशी नातं तुटलेल्या लोकांसाठी! शिकवणाऱ्यानेही विद्यार्थ्यांबरोबर शिकावं, हा त्यांचा आग्रह. म्हणून तर एडुआर्ड श्ट्राउस हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ, आणि तिथे बायबल शिकवत. मार्टिन बुबर, गेर्शोम शोलेम, एरिक फ्रॉम हे नामवंत ज्यू विचारवंतही तिथे शिकवून गेले.

१९२२ मध्ये रोझेनत्स्वाइग यांना मज्जातंतूंच्या आजाराने गाठलं. हातपाय गेले, वाचा गेली. पत्नी एडिथ त्यांच्या खुणांवरून एकेक अक्षर ओळखून मजकूर उतरवून घेत, आणि याच अवस्थेत त्यांनी बुबर यांच्याबरोबर बायबलच्या जर्मन अनुवादाचं काम केलं. किती जिद्द म्हणावी! १९२९ मध्ये ते गेले. पुढे १९३३ मध्ये, नाझी राजवटीत ज्यूंना शाळा-विद्यापीठांतून बाहेर काढलं जात असताना, बुबर यांनी लेअरहाउस पुन्हा उघडलं. १९३८ पर्यंत ते चाललं.

आणि आपल्याकडचं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू मंडळी, बायबलमधल्या कथा चक्क मराठी कीर्तनातून सांगत होती. माझ्या मते तेही प्रौढशिक्षणच. त्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा, कीर्तनं ऐकलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलून लिहिलात तर फारच उत्तम.