नगरसेवक गेले, तोटा गेला नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या पीएमपीबद्दल, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा चालवणाऱ्या कंपनीबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘पीएमपीच्या संचालक मंडळातून राजकारणी काढा, स्वतंत्र तज्ज्ञ बसवा, कंपनी नफ्यात येईल. बँक ऑफ महाराष्ट्र अशीच सावरली.’

राजकारणी एकदा काढून झाले होते की! मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्ही महापालिकांची मुदत संपली. महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष मंडळावरून गेले, उरले अधिकारी. निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात वर्षाची तूट ७०० कोटींपुढे गेली. नगरसेवक मतांसाठी भाडेवाढ अडवतात म्हणे. पण २०१४ नंतरची भाडेवाढ १ जून २०२५ ला झाली, म्हणजे अधिकाऱ्यांनीही तीन वर्षं त्याला हात लावला नाही. शिवाय मंडळाने भाडं ठरवलं तरी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागतेच. याच काळात पीएमपीचे अध्यक्ष खुर्ची गरम व्हायच्या आत बदलत राहिले. बदलीचा आदेश मुंबईहून निघतो, मंडळाला विचारतं कोण? आणि तूट दोन्ही महापालिका ६०:४० भरून देणार, हे आधीच ठरलेलं.

स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले बाहेरचे लोक, आले की नफा, हेही तितकंच कच्चं. पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत म्हणून शेअर बाजारांनी इंडियन ऑइलला २०२३ मध्ये दंड केला. नेमणुका सरकार करतं, आमच्या हातात नाही, असं कंपनीचं उत्तर. त्याच २०२३-२४ मध्ये तिने ३९,६०० कोटींहून जास्त, म्हणजे विक्रमी नफा कमावला. कच्चं तेल उतरलं आणि पंपावरचे दर उतरले नाहीत, एवढंच त्याचं गुपित.

राहिली महाराष्ट्र बँक. तिच्या मंडळावर कोण बसणार हे बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यात लिहिलंय. मंडळाची रचना पालटून बँक सावरली, असं काही झालेलं नाही. सरकारने भांडवल ओतलं, बुडीत कर्जं निर्लेखित झाली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली गेली, जानेवारी २०१९ मध्ये कमकुवत बँक म्हणून रिझर्व्ह बँकेने घातलेले निर्बंध उठले आणि एकच व्यवस्थापकीय संचालक पाच वर्षं टिकला. इतका टिकणारा अध्यक्ष पीएमपीला कधी लाभलाय?

ठेकेदारांच्या बसची किलोमीटरमागे निघणारी बिलं तपासायला हिशेब कळणारा बाहेरचा माणूस मंडळावर हवा, हे मला मान्य आहे. काही पैसे तो वाचवीलही. पण अध्यक्षाची मुदत आणि तिकिटाचा दर त्याच्याही हातात नसतील.