ट्रकला थंडी वाजते

उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकाच आकड्यावर येऊन भेटतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये राहणाऱ्याला याचा फायदा एवढाच, की वाळव्यातल्या वडिलांना आणि टेक्ससमधल्या मेहुण्याला थंडी वेगवेगळी करून सांगावी लागत नाही. दुसरा फायदा मला अजून सापडलेला नाही, आणि ज्याच्या दारात डिझेलचा पिकअप ट्रक उभा आहे, त्याने तो शोधायच्या भानगडीत पडूही नये.

हौस माझीच. उन्हाळ्यात ट्रेलर ओढत जॅस्परच्या डोंगरात जायचं तर डिझेलला तोड नाही, हे मी घरी पटवून दिलं होतं. खरंच नाही. पण आमच्या अल्बर्टा प्रांतात उन्हाळा उभ्या उभ्या चहा घेऊन जातो, आणि वळकटी सोडून मुक्काम ठोकतो तो हिवाळा.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलचं तसं नाही. हवा इतकी दाबायची, की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटावं. आता रात्रभर उणे ३५ मध्ये गारठलेल्या लोखंडाच्या त्या धुडात हवा दाबली, की उष्णता लोखंडच गिळून बसतं. ऑइल घट्ट झालेलं, बॅटऱ्या दोन असल्या तरी दोघींनीही हातपाय गाळलेले. म्हणून इंजिनाला ब्लॉक हीटर असतो आणि त्याची तीन पिनांची वायर गाडीच्या तोंडातून बाहेर लोंबत असते. ती रात्री घराच्या सॉकेटमध्ये खोचायची. भारतातून आलेला पाहुणा ती बघून हमखास म्हणतो, "वा! इलेक्ट्रिक घेतलीस!" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता "हो" म्हणतो.

सकाळी आधी ती वायर काढायची. ती थंडीने इतकी ताठ झालेली असते, की गुंडाळायला गेलं तर उलटी अंगावर येते. मग किल्ली अर्धी फिरवायची. समोर पिळाचं पिवळं चिन्ह उजळतं, म्हणजे ग्लो प्लग तापतायत, थांबा. हे प्लग ठिणगी पाडत नाहीत, इंजिनाला आतून ऊब देतात. ते विझलं की मी किल्ली मागे घेऊन पुन्हा एकदा तापवतो. कंपनीच्या पुस्तिकेत हे नाही. शेजारच्या आजोबांनी सांगितलंय, आणि त्यांनी सस्कॅचवानमध्ये आयुष्यभर शेती केली, त्यामुळे माझ्या लेखी पुस्तिकाच चुकलेली आहे. मग स्टार्टर. इंजिन आधी कण्हतं, मग खोकतं, मग पांढऱ्या धुराचा लोट सोडून अख्ख्या गल्लीला कळवतं की साहेब उठले. टायर रात्रभर एका जागी उभे राहून खालून चपटे झालेले असतात, त्यामुळे सुरुवातीला ट्रक चालत नाही, उड्या मारतो. नुसता चालू ठेवून तापेल म्हणावं, तर उभं डिझेल इंजिन लवकर तापत नाही. पायांवर गरम वारा यायला लागतो, तेव्हा ऑफिसचं पार्किंग आलेलं असतं.

डिझेलची तर वेगळीच तऱ्हा. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली की उन्हात ठेवतात ना, तसंच. डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टरमध्ये जाऊन बसतं आणि ट्रक भर रस्त्यात मान टाकतो. इथे ऊनही लख्ख पडतं, पण त्याचा उपयोग डोळे दिपण्यापुरताच. पंपावर हिवाळी डिझेल मिळतं. तरी मी त्यात पांढऱ्या बाटलीतलं औषध ओततो. लाल बाटली सीटखाली असते. ती डिझेल गोठल्यावर. घरात सर्दीचं औषध संपलेलं असू शकतं, या दोन बाटल्या नाही.

शिवाय धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं. त्याची वेगळी टाकी. ते उणे ११ लाच गोठतं, म्हणून त्या टाकीलाही हीटर. हे मी फोनवर वडिलांना सांगितलं. त्यांचा ऊस आहे. बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

"गाडीला युरिया घालतोस?"

"हो."

"मग वाढली का?"

धुराची काजळी धरणारा फिल्टर आणखी निराळा. जवळच्या फेऱ्या मारल्या की तो तुंबतो, आणि आतली काजळी जळून मोकळा व्हायला ट्रकला लांब पळवावं लागतं. म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दीडशे किलोमीटर दूर रेड डिअरला जातो. "तिथे काय आहे?" असं बायकोने विचारायचं, मी "काजळी जळेल" म्हणायचं, मग दोघांनी तिथे एकेक डोनट खाऊन परत यायचं. कुत्र्याला फिरवणाऱ्यांना तरी रस्त्यात कुणी बोलायला भेटतं.

१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी मात्र सरकारच मध्ये पडलं. बाहेर उणे ४० च्या आसपास, दुसऱ्या दिवशी भोगी, बायको विजेच्या शेगडीवर तीळवड्यांचा पाक करत होती. एकदम घरातले सगळे फोन किंचाळले. अल्बर्टात वीज कमी पडतेय, नको ते दिवे बंद करा, शेगडीऐवजी मायक्रोवेव्ह वापरा, ब्लॉक हीटर आत्ता लावू नका.

"शेगडी बंद कर," मी म्हणालो.

तिने वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळी करून पाहिली. "गोळीबंद व्हायला आलाय. तुझ्या त्या लाडक्याची वायर काढ."

"तो गारठेल."

"त्याला आतून ब्लँकेट आणून दे."

कोट, टोपी, हातमोजे, बूट चढवून मी बाहेर गेलो. समोरचे गृहस्थ पायजम्यावर जाकीट घालून आपल्या ट्रकची वायर ओढत होते. पलीकडे आजोबाही. आम्ही एकमेकांना माना डोलावल्या आणि वायरी उपटल्या. काही मिनिटांत प्रांताची विजेची मागणी १५० मेगावॅटने उतरली, आणि दोनेक तासांत इशाराही मागे घेतला गेला. त्यातला किलोवॅटभर आमच्या ट्रकचा, हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगतो. बायको मध्येच म्हणते, "आणि शेगडी चालूच होती, तेही सांग."