गावतळं वारसा स्थळ झालं, तर गुरांचं पाणी तुटेल?

आठवडाभर गावोगावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "गावतळ्याला जैवविविधता वारसा स्थळ करू देऊ नका. गुरांचं पाणी तुटेल, गाळ काढता येणार नाही, डास माजतील. मार्चात आटणाऱ्या डबक्यात कसले पक्षी?" मराठवाड्यात पाण्याची धास्ती कुणालाही वाटेल, पण मेसेज चुकीचा आहे.

आधी गुरांचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३७ सांगतं की, राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करूनच असं स्थळ, म्हणजे तिथली जीवसृष्टी जपण्यासाठीची जागा, जाहीर करतं. लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर त्यांनी आपणहून ठरवल्याशिवाय बंधन घालू नये, असं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनाच म्हणतात. अभयारण्याचे नियम इथं लागत नाहीत. गाळ तर काढायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये, कोरड्या भागातला, एका कडेचं पाणकणीस (काठावरचं उंच पाणगवत) आणि मधला डोह राखून.

डेंग्यूचा डास तळ्यात नाही, घरात वाढतो. नळ आठ-दहा दिवसांनी येतो म्हणून आपण भरून ठेवतो त्या पिंपांत, रांजणांत, कूलरमध्ये. तळ्यातले मासे आणि चतुर किड्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. तळ्यात गटार सोडलं की मात्र डास खरंच माजतात.

राहिलं 'डबकं'. अहो, पाणी मागं सरतं म्हणून तर ओला चिखल उघडा पडतो, आणि त्यात शेकाटे, तुतवार असे पाणपक्षी चरतात. बेडूक त्याच चिखलात स्वतःला गाडून उन्हाळा काढतो. पाऊस झाला की टिबुकली तरंगतं घरटं बांधते, उठून जाताना अंड्यांवर पाणवनस्पती ओढून घेते. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो नर. हे सगळं उथळ, उतरत्या काठावर चालतं. म्हणून मला भीती वाटते ती चारी बाजूंनी उभी दगडी भिंत घालणाऱ्या सुशोभीकरणाची. त्या भिंतीवरून गुरंही पाण्याला उतरू शकत नाहीत, हे मेसेजवाल्यांनी का लिहिलं नाही?

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा जगत्तुंग सागर हा तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला. संभाजीनगरचा जुना खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून भर शहरात पाखरांना आसरा देतोय. आपलं तळं त्यांच्याच पंगतीतलं आहे.

ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा हजर राहा, आणि 'गुरांचं पाणी व गाळ काढणं पूर्वीप्रमाणे चालू राहील' हे वाक्य त्यात लिहून घ्या.