मिठाच्या पाण्याने कॅडमियम जात नाही

शेतकऱ्यांच्या आणि गृहिणींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कारखान्याशेजारच्या शेतमालाला घाबरू नका. पीक हिरवंगार असेल तर जमीन चांगली. भाजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की धातू उतरतात. माती परीक्षण चांगलं आलं की प्रश्न मिटला. तरी शंका वाटली तर शेणखत, जीवामृत घाला, दोन हंगामांत जमीन शुद्ध.

हा सल्ला लोकांच्या ताटात विष ठेवणारा आहे, म्हणून उत्तर देतोय.

पहिलं हिरव्या पिकाचं. कॅडमियम या विषारी जड धातूचं जेवढं प्रमाण माणसाला घातक ठरतं, तेवढ्याने पीक सहसा पिवळंही पडत नाही. भाताचं मूळ मँगनीज ज्या वाटेने आत घेतं, त्याच वाटेने कॅडमियमही आत शिरतं आणि पुढे दाण्यापर्यंत पोचतं. जपानमध्ये तोयामा भागात हेच घडलं. कामिओका इथल्या जस्त-शिशाच्या खाणीचं सांडपाणी जिंझू नदीत जायचं आणि नदीचं पाणी भातखाचरांत. वर्षानुवर्षं तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयातल्या बायकांची, आधी मूत्रपिंडं बिघडली, मग हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. १९६८ साली जपान सरकारने या ‘इताई-इताई’ आजाराचं कारण प्रदूषण असल्याचं मान्य केलं. कॅडमियम मूत्रपिंडात साठलं की निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. आज खाल्लं, उद्या बाधलं, असा हिशेब इथे चालत नाही.

धुण्याबद्दल अर्धं खरं आहे. धुरांड्यांतून किंवा रस्त्यावरून उडून पानावर बसलेली शिसंयुक्त धूळ वाहत्या पाण्याने बरीच निघते. मुळा-गाजर सोलून घेतलं तर सालीला चिकटलेली मातीही जाते. भाजी जरूर धुवा. पण मुळावाटे पालकाच्या पेशींत गेलेलं कॅडमियम मीठ, व्हिनेगर, सोडा, कशानेच धुऊन निघत नाही.

माती परीक्षणाचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो शहाणपणाचा दिसतो. मृद आरोग्य पत्रिकेवर बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, पारा, आर्सेनिक त्यात नाहीत. जे तपासलंच नाही, त्याचा निर्वाळा ती पत्रिका देणार कसा? ती खताची मात्रा ठरवायला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे.

आता शेणखत. सेंद्रिय पदार्थ धातूला काही प्रमाणात धरून ठेवतात, आम्लधर्मी जमिनीत चुना घातला तर पिकाचं शोषणही घटतं. उपाय म्हणून हे चांगलंच आहे, पण धातू जमिनीतच राहतो. तो कीटकनाशकासारखा कुजत नाही, जिवाणू त्याला खाऊन संपवत नाहीत. गांडुळांच्या तर अंगातच कॅडमियम साठतं. जिंझूकाठी अखेर दूषित माती खाली गाडून वर नवी माती पसरावी लागली. ते काम १९७९ च्या सुमारास सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. एवढा पैसा आणि यंत्रणा असलेल्या देशाला तीसहून जास्त वर्षं लागली, आणि आपल्याला दोन हंगाम सांगितले जातात.

शेत कारखान्याच्या नाल्यालगत असेल तर प्रयोगशाळेत ‘जड धातू’ असं स्पष्ट लिहून माती, विहिरीचं पाणी आणि पीक, तिन्हींचे नमुने द्या. पिकाचा अहवाल आला की मर्यादेशी ताडून पाहा: कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार कॅडमियम पालेभाजीत किलोला ०.२ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या तांदळात ०.४. आकडा वर गेला तर त्या तुकड्यात पालेभाजी आणि भात थांबवून फुलं किंवा कापूस घ्या. सरकीची पेंड मात्र तपासल्याशिवाय जनावरांना घालू नका. आणि तो अहवाल जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. ही घाण शेतकऱ्याने केलेली नाही, तिचा खर्चही त्याच्या माथी नको.