रिकामं सभागृह आम्हाला आवडलं होतं

आधी एक कबुली. नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "सुटलो एकदाचे" असं टाकलं आणि त्याखाली मीही हात जोडले. नगरसेवक म्हणजे चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर, कामात टक्केवारी आणि बाकड्यावर स्वतःचं नाव. गेले तर गेले. एखादा कडक आयएएस येईल, सगळ्यांना सरळ करेल, असं आम्ही डोंबिवलीकर सुशिक्षित लोक चहा पिताना एकमेकांना सांगत होतो.

ते रिकामं सभागृह मग ५ वर्षं २ महिने रिकामंच राहिलं. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचे घोळ. घटनेतलं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ते कलम तसंच राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ती मुदतही पुढे ३१ जानेवारीपर्यंत वाढवून द्यावी लागली, तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला आमच्या बोटाला शाई लागली. मधल्या काळात आपल्याला कुणी प्रतिनिधीच नाही याचं दुःख करताना मी कुणाला पाहिलं नाही. मीही केलं नाही.

माझं मत बदललं ते कायद्यातली साधी रीत कळल्यावर. मोठा खर्च करायचा असेल तर प्रस्ताव आयुक्त ठेवतात आणि मंजुरी १६ जणांची स्थायी समिती देते. धोरणाचे विषय महासभेत जातात. अंदाजपत्रकसुद्धा आयुक्तांकडून स्थायीकडे, स्थायीकडून महासभेकडे असं जिने चढत जातं. प्रशासकाच्या काळात हे सगळे जिने एकाच खोलीत आले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा, स्वतःच तपासायचा. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. काही चांगली कामंही याच काळात झाली. कल्याणच्या आधारवाडीचं डंपिंग २०२१ मध्ये बंद झालं, ते मी मोकळ्या मनाने मान्य करते. त्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना विचारा त्याची किंमत. पण चांगला अधिकारी लाभला हे आपलं नशीब, आणि त्याची बदली कधी होणार ते मंत्रालयाला माहीत.

आता आमच्या जुन्या नगरसेवकाबद्दल. त्याला मी एकदाही मत दिलं नव्हतं. पण उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढेनासं झालं की आमचे सेक्रेटरी काका रात्री दहाला त्याला फोन लावायचे. तोही जेवता जेवता शिव्या खाऊन घ्यायचा आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला उठवायचा. त्याला पुन्हा निवडून यायचं होतं, एवढंच कारण. माझा मावसभाऊ दुसऱ्या एका उपनगरी महापालिकेत राहतो, शहराचं नाव घेत नाही. त्याने मधल्या काळात तुंबलेल्या गटाराची तक्रार ॲपवर केली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." गटार तुंबलेलंच. ॲपला रात्री दहाला शिव्या कशा घालणार?

लगेच कमेंटमध्ये येऊ नका की नगरसेवक असताना काय दिवे लागले होते. माहीत आहे मला. शहरातल्या बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या अग्यार समितीचा अहवाल २००९ चा आहे आणि त्यातला आकडा ६७ हजारांच्या वर आहे. तेव्हा सभागृह गच्च भरलेलं होतं. प्रत्येक पक्षाचं कुणी ना कुणी त्या इमारतींच्या पूजेला नारळ फोडायला गेलेलं असणार, हा माझा अंदाज, पण डोंबिवलीत राहणारा कुणी तो खोडून काढेल असं वाटत नाही.

आणि मग ६५ इमारतींचं प्रकरण. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या, त्यांच्या जोरावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक मिळवला आणि फ्लॅट विकले. लोकांनी रेराचा नंबर बघितला, बँकेने कर्ज दिलं, त्यांनी दागिने मोडून उरलेली रक्कम भरली. आणखी काय तपासायचं असतं माणसाने? हा बनाव एका स्थानिक वास्तुविशारदाने माहिती अधिकारात कागद काढून उघड केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायला सांगितल्या. इथे मला राग बिल्डरपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा येतो. दोन सरकारी कचेऱ्यांमध्ये एका पत्राची खात्री करून घ्यायची साधी सोय नव्हती, आणि हे प्रश्न जिथे महिन्याच्या महिन्याला विचारले जायला हवेत, ते सभागृह प्रकरण गाजत असताना कुलूपबंद होतं. कोर्टात जायला वकील लागतो. सभागृहात उभं राहून "शहर अभियंता, उत्तर द्या" म्हणायला फक्त आवाज लागतो.

तिकडे वसई-विरार महापालिकेत, नालासोपाऱ्यातल्या ४१ इमारती तर सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर होत्या. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. ते आरक्षण विकास आराखड्याच्या नकाशात होतंच, कुणालाही दिसेल असं. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते, त्यात तो नकाशा किती जण उघडून बघतात? मीही कधी उघडला नव्हता. मतदार यादीत नाव शोधायला आपण तीन पानं चाळतो, पण शेजारचा मोकळा प्लॉट मैदानाला आहे की दवाखान्याला, हे आपल्याला तिथे पत्रे लागल्यावर कळतं.

आमच्या कल्याण-डोंबिवलीला स्वतःची हद्दसुद्धा कधी स्वतः ठरवता आलेली नाही, हेही सांगायला हवं. २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा वगळली आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथल्या माणसाने घरपट्टी कुणाला भरायची आणि पाणी कुणाकडे मागायचं, हे मुंबईत ठरतं. २०१५ च्या निवडणुकीआधी शहरासाठी राज्य सरकारचं ६५०० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, आठवतंय? आमच्या स्टेशनबाहेर अजूनही त्यावर विनोद चालतात.

तर आता १२२ जण निवडून आले आहेत. प्रभाग ३१, दोन सोडून बाकी सगळे चार सदस्यांचे. म्हणजे माझ्या वाट्याला चार नगरसेवक, आणि चौघांनाही वाटणार की बाकीचे तिघं बघून घेतील. सामायिक नळासारखं आहे हे, सगळे भरतात, वॉशर कुणी बदलत नाही. एका प्रभागाला एकच माणूस हवा होता, असं माझं ठाम मत आहे, पण पक्षांना पॅनल सोयीचं पडतं. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, मतदारांनी प्रभागात बसून कामं सुचवायची अशी. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलाय? पुण्यात निदान नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत वीसेक वर्षांपासून आहे, तिच्याबद्दल पुणेकर तक्रारी करतात, पण तक्रार करायला पद्धत तरी आहे.

महापौर कोणत्या पक्षाचा, कुणी कुणाला फोडलं, यात मला फार रस नाही. माझं लक्ष "आयत्या वेळचे विषय" या दोन ओळींवर आहे. विषयपत्रिका संपत आली, अर्धे लोक उठून गेले, की हे विषय येतात आणि "मंजूर, मंजूर" म्हणत सुटतात. शहराची बरीच वाट या दोन ओळींत लागते. यासाठी मागणी साधी आहे: गोषवाऱ्यासकट विषयपत्रिका आठवडाभर आधी वेबसाइटवर टाका, सभा थेट दाखवा, कुणी कशाच्या बाजूने मत दिलं ते इतिवृत्तात नावासकट लिहा. याला पैसे लागत नाहीत, पॅकेज तर नाहीच नाही.

आणि एक गोष्ट मला या वयात कळली. महासभा महिन्यातून एकदा तरी भरवावी लागते आणि बहुमताने बंद दाराआड घ्यायचं ठरवलं नसेल तर ती सगळ्यांसाठी खुली असते. मी पुढच्या सभेच्या दिवशी रजा टाकणार आहे. गॅलरीत बसून ऐकणार, वहीत लिहून घेणार. सेक्रेटरी काका येतो म्हणालेत. अजून कुणी येणार असेल तर सांगा, सकाळी डोंबिवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते.